वरचं तळं

९ मार्च

चि. घुम्या,

आशीर्वाद. सोमवारच्या जीपबरोबर थंड पेटी पाठवते आहे. पेटीत साठ नळ्या आहेत, प्रत्येक तळ्याच्या वीस. पत्र मुद्दाम झाकणाला चिकटवलंय, म्हणजे पेटी उघडायची तर ते तुला आधी हातात घ्यावंच लागेल. तू माझी पत्रं पंधरा पंधरा दिवस खिशात घेऊन हिंडतोस, हे वहिनीनं मला कळवलंय. आईला सांगून ठेवत जा, काय काय लपवायचं ते.

आता कामाचं. खालच्या तळ्यात काहीतरी बिनसलंय. मागच्या मंगळवारी अंड्यांचे पुंजके मोजायला गेलो, तर काठावर एक केशरपोट्या बेडूक बसलेला मामांना दिसला. एकोणीस वर्षं आपल्या ठाण्याची राखण करत माझ्यापुढे वाट काढत चालणारा माणूस, माझ्याआधी त्यांनाच दिसणार. बसलाय असंच वाटलं. मामांनी काडी लावली तर बसल्या आकारातच उलटा झाला. मागचे पाय फाकलेले, मांडीवरची कातडी भिजलेल्या कागदासारखी सुटत होती. दुपारपर्यंत अकरा सापडले. त्यातले सात त्या काठाला, जिथे ऑक्टोबरात तू गुडघाभर चिखलात रुतला होतास आणि मामांनी तुला काखेत धरून उपटून काढलं होतं.

मला कातडीच्या बुरशीचा संशय येतोय. ती बुरशी जगभर बेडकांची कुळंच्या कुळं बुडवत हिंडते आहे. आपल्या डोंगरावर आली नव्हती, एवढंच. आणि केशरपोट्या या तीन तळ्यांखेरीज कुठेही नाही, हे तुला मी सांगायला नको. दादा गेल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत तू इथे आलास, नऊ वर्षांचा, तेव्हापासून ते ऐकत आलायस. तेव्हा तू तोंडातून शब्द काढत नव्हतास, पण बेडूक मात्र बोटावर अचूक मोजायचास.

नमुने नेहमीसारखे वरच्या तळ्यापासून सुरू करून खाली उतरत घेतलेत. खालची घाण वर जाता कामा नये. प्रत्येक तळ्यावर बूट ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवले. तुमच्या प्रयोगशाळेत रांग असते हे मला ठाऊक आहे, पण या वेळी आत्याचा वशिला लाव. काय निघेल ते लगेच कळव. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलंय, एवढ्यात मी काही कोसळून पडणार नाही.

तुझी आत्या

२३ मार्च

ती. आत्या,

नमस्कार. पेटी मिळाली. पत्र आधी वाचलं, पेटी नंतर उघडली.

उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल रागावू नकोस. आमच्या मोठ्या शीतकपाटात शनिवारी बिघाड झाला आणि सोमवारी सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आला नाही. तुझ्या बहुतेक नळ्या वाया गेल्या. खालच्या तळ्याच्या सहा वाचल्या, त्या मी स्वतः तपासल्या. त्यांत बुरशी निघाली नाही. यंदा फेब्रुवारीच्या शेवटी मधेच जो गारठा आला होता, त्यानं ते अकरा मेले असावेत. अंडी घालण्याच्या दिवसांत नर उपाशी असतात, त्यांना गारठा सोसत नाही, हे तूच मला शिकवलंस.

सवड झाली की पुन्हा नमुने पाठव. घाई अजिबात नाही. महिन्यानं पाठवलेस तरी चालेल. तोपर्यंत तू तळ्यांवर फार जाऊ नकोस, गुडघ्याला आराम दे.

आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, अरे, तू एवढा वाळलास कधी? आमच्या इमारतीची लिफ्ट तीन आठवडे बंद आहे. मॅडम सहा मजले चढून येतात आणि आल्या आल्या कुणाला तरी झापतात, बहुधा मलाच. बाकी ठीक.

तुझा,
घुम्या

६ एप्रिल

चि. घुम्या,

तुमचं शीतकपाट भंगारात घाला. पण तुझं पत्र वाचून तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले, म्हणून माफ. मामांना वाचून दाखवलं. त्यांनी नुसती टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. म्हणजे खूश होते.

महिना थांबायला सांगतोस, पण अंड्यांचे दिवस काय तुमच्या कपाटासाठी थांबणार आहेत? परवाच जाऊन आलो. या वेळी उलटं केलं. वरून सुरुवात करायची तर खालची तळी टाळून लांबच्या वाटेनं चढण्यातच एक अख्खा दिवस जातो आणि दुसऱ्या दिवशी काम. माझा गुडघा म्हणाला, एका दिवसात काय ते उरक. मग जीपनं खालच्या तळ्यापर्यंत सोडलं, तिथले नमुने घेतले, तसेच मधल्या तळ्यावर गेलो आणि तिथून वर. खालच्या तळ्याशी मामा बादली घेऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, बूट?" मी म्हटलं, राहू द्या, घुम्यानं तपासलंय, गारठाच होता तो. पावडरीचा डबाही तळाला गेला होता.

आणि वरचं तळं काय सांगू तुला! दोनशे चौदा पुंजके. सव्वीस वर्षांत इतके मी दोनदाच मोजलेत. नर भरदुपारी ओरडत होते, इतके की मामा काय म्हणतात ते मला ऐकू येईना. मी बूट घालूनच काठाकाठानं पूर्ण फेरी मारली, मधे पाण्यात उतरले, दगडावर बसून डबा खाल्ला. एक मादी माझ्या बुटावर चढून बसली. तिला खाली उतरवायला जिवावर आलं.

नव्या साठ नळ्या पाठवते आहे. या सांभाळ. वहिनीला म्हणावं, डोळे आलेत तर आता स्वतःच्या हातानं पत्र लिही.

तुझी आत्या

१३ एप्रिल

ती. आत्या,

तुझं पत्र आज सकाळी वाचलं. तळ्यांवर जाऊ नकोस. तू नको, मामा नकोत, कुणीच नको. तुमच्या खालच्या ऑफिसला फोन करून निरोप ठेवलाय, पण तिथला कारकून तो जीपबरोबर सोमवारीच पाठवणार असं म्हणतो, म्हणून हे पत्रही पाठवतो आहे.

नव्या नमुन्यांपैकी खालच्या तळ्याचे सगळे बाधित आहेत. वीसपैकी वीस. तुझा पहिला संशय बरोबर होता. मधलं आणि वरचं तळं अजून स्वच्छ आहे. पण ते नमुने तू तिथे पोचलीस त्या क्षणाचे आहेत, त्यानंतरचे नाहीत. त्या दिवशी वापरलेले बूट, जाळी, काठी, तुमच्या दोघांच्या पिशव्या, सगळं ब्लीचिंगच्या पाण्यात अर्धा तास बुडवून उन्हात वाळव. पावडर मी पाठवतो आहे.

घुम्या

२ मे

चि. घुम्या,

निरोप मिळाला, पत्र मिळालं, पावडर मिळाली. सगळं बुडवलं. बूट आता पांढरे पडलेत.

त्यानंतर मी एकदाच वर गेले, तळ्यापर्यंत नाही, समोरच्या टेकाडावर. दुर्बिणीतून पाहिलं. पुंजके फुटलेत, शेपटीवाली पिल्लं काठाशी काळीभोर दिसतात. मेलेला एकही दिसला नाही. पण बुरशीला दिसायला दीड-दोन महिने लागतात, हे तुला माझ्याहून जास्त कळतं.

मी सारखी तो दिवस आठवत बसते. खालून वर गेले. सव्वीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं, तेही एक गुडघा दुखतो म्हणून. मामांनी बादली पुढे केली होती, रे. नुसतं पाय उचलून आत ठेवायचे होते. तुझे सहा नमुने स्वच्छ निघाले होते, पण सहाच होते. सहावर विसंबू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना किती वेळा ओरडून सांगितलंय! तुला मी दोष देत नाही. तुझ्या हातात जेवढं आलं तेवढ्यावरून तू बोललास. मी मात्र जाणती होते.

मामा रोज सकाळी येतात, अंगण झाडतात, चहा करतात आणि तळ्याचा विषय काढत नाहीत.

आत्या

१४ मे

ती. आत्या,

तू स्वतःला असं खात बसू नकोस. कुणाच्या लक्षात आलं असतं? बूट पूर्ण वाळले असतील तर बुरशी मरतेही. चढताना ऊन होतं, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. कदाचित काहीच झालं नसेल.

आई म्हणते, आत्याला थोडे दिवस इकडे बोलाव. येतेस का? माझी खोली तुला देतो, मी बाहेर झोपेन. सध्या मला लवकर यावंसंही वाटत नाही घरी. काम खूप आहे.

तू कुणाला दोष देत नाहीस हे वाचलं. दोष देण्यासारखं असेलच तर ते

जाऊ दे. भेटलीस की बोलू.

घुम्या

१० जून

चि. घुम्या,

वरचं तळं गेलं.

मागच्या गुरुवारी वनखात्यानं परवानगी दिली, नवे बूट दिले, आणि मी वर गेले. आवाज नव्हता. आधी मला वाटलं माझेच कान गेले. मग काठावर पाहिलं. तू लहानपणी मोजायचास तसे बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं सोडून दिली. वहीत चारशे तीस लिहिलंय, ते दुपारपर्यंतचं. पाण्याच्या तळाशी किती असतील ते वेगळे. शेपटीवाली पिल्लं मात्र पोहत होती. शेपटी असेपर्यंत ती तगतात. पाय फुटून काठावर आली की मरतात. म्हणजे ती आता एकेक करून काठावर येणार. मधल्या तळ्याचीही तीच गत.

जिवंत मोठे जेवढे मिळाले तेवढे, सेहेचाळीस, डब्यात घालून खाली आणलेत. त्यांना औषधाच्या पाण्यात ठेवून बघणार.

खात्याला मी सरळ लिहून दिलं, की वरच्या तळ्यात रोग मी नेला, माझ्या बुटांनी. तारीख, वार, सगळं घातलं. चौकशीला एक अधिकारी आले. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. वर तुम्ही नेलात, पण खाली आला कुठून? या डोंगरावर बाहेरचं पाणी, बाहेरचा बेडूक कोण आणतं?

मग मी जे केलं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. मामा रविवारी नदीवर मासे धरायला जातात. कधीतरी त्यांनी म्हटल्याचं आठवलं, की गळाला लावायला बाजारातून जिवंत बेडूक आणतात. मी त्या अधिकाऱ्यासमोर, ड्रायव्हरसमोर, दोन शिपायांसमोर मामांना विचारलं, "मामा, तुम्ही गळाला बाजारचे बेडूक लावता ना?"

ते म्हणाले, "लावतो बाई. नदीवर. तळ्यावर कधी नाही."

अधिकाऱ्यांनी पहिला शब्द तेवढा लिहून घेतला. मी ते पाहिलं आणि गप्प बसले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, की सगळंच माझ्या एकटीच्या माथी नाही. मामांनी कमरेची किल्ली सोडली, टेबलावर ठेवली आणि चालत निघून गेले. जीपमध्येसुद्धा बसले नाहीत. त्यांचं नाव आता कामावरून कमी केलंय.

त्यांनीच आणलं असेल का? एकदा वाटतं, असेल. एकदा वाटतं, मी वेडी झालेय. तुझ्याकडे खालच्या तळ्याची बुरशी आहे. ती कुठल्या जातकुळीची आहे हे तुम्हाला यंत्रावर जुळवून बघता येतं ना? बाजारातल्या बेडकांशी ताडून बघ. जे निघेल त्यावर माझा जीव अडकलाय.

आत्या

१७ जून

ती. आत्या,

या पत्रातलं पुढचं वाक्य लिहायला मला तीन महिने लागलेत.

खालच्या तळ्यात ती बुरशी मी आणली. मामांचा, त्यांच्या गळाचा, बाजाराचा याच्याशी काहीही संबंध नाही.

ऑक्टोबरात तुझ्याकडे आलो, त्याच्या दोन दिवस आधी मी शहराबाहेरच्या एका बेडूक-पालन केंद्रात गेलो होतो. तिथे बेडूक पटापट मरत होते म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं होतं. टाक्यांमध्ये उतरून नमुने घेतले. परत आल्यावर बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि वहीत नोंद करायची, असा नियम आहे. मला बस गाठायची होती. मी नोंद केली आणि बूट तसेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले. ओले होते. तेच बूट घालून मी खालच्या तळ्यात रुतलो. वर आपण गेलो नाही, कारण तुझा गुडघा तेव्हाही दुखत होता. म्हणून वरचं तळं वाचलं होतं.

शीतकपाट कधीच बिघडलं नव्हतं. तुझ्या पहिल्या साठही नळ्या मी मार्चमध्येच तपासल्या. पडद्यावर खालच्या तळ्याच्या वीसच्या वीस रेघा वर चढल्या. मधल्या आणि वरच्या तळ्याच्या सपाट राहिल्या. मी एकटाच होतो. मला तेव्हाच त्या केंद्राची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी जुळवून पाहिलं. एकच बुरशी आहे, आत्या, जनुकांच्या एका अक्षराचाही फरक नाही.

तेव्हा वाटलं, महिनाभर मिळाला तर दुसऱ्या प्रयोगशाळेतून खात्री करून घेऊ. कदाचित माझी चूक असेल. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती, तेही डोक्यात होतं, नव्हतं असं नाही. आणि तुला काय तोंडानं सांगू, हे तर होतंच. म्हणून कपाटाचं लिहिलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी तू बूट धुतले असतेस. पण तुझ्या पत्रात काळजी दिसत होती, म्हणून मी ते सहा नमुन्यांचं वाक्य घातलं. ते वाक्य कुणी मागितलं नव्हतं.

तुझं सहा एप्रिलचं पत्र मी जिन्यात वाचलं. तुझ्या बुटावर चढून बसलेल्या मादीचं वाचून मी तिथेच पायरीवर बसलो. मॅडम वरून आल्या, म्हणाल्या, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, उन्हाचा त्रास होतोय.

आज त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "हे तुझ्या आत्यांना माहीत आहे?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मग आधी त्यांना लिही, नंतर माझ्याकडे ये." या पत्राची एक प्रत तुमच्या खात्याला आजच पाठवतो आहे, मामांचा यात काही दोष नाही, हे वर ठळक लिहून.

तू स्वतःला दोष देत होतीस आणि मी तुला समजावत होतो. चौदा मेच्या पत्रात एक वाक्य अर्धं राहिलंय, तिथे मी सांगणार होतो.

घुम्या

२६ सप्टेंबर

चि.,

तुझी पाच पत्रं आली. पहिलं वाचलं. नंतरची उघडली नाहीत, ती सगळी कपाटात एकावर एक ठेवलीत. त्यांत तू काय मागितलं असशील ते मला कळतं. ते आत्ता माझ्याकडे नाही. असेल तेव्हा मी न मागता देईन, नसेल तर नाही.

वहिनीचं पत्र आलं, तिच्या हातचं. मला वाईट वाटू नये म्हणून तू तसं लिहिलंस, असं ती म्हणते. मला वाईट वाटलं असतं. आणि वरचं तळं राहिलं असतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी मामांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं स्टूल आणून दिलं. मामा दारात जाळं शिवत बसले होते. मी सगळं सांगितलं. तू आणलंस, मी वर नेलं, तुमच्याकडे काही नव्हतं, आणि मी तुम्हाला चार माणसांसमोर विचारायला नको होतं. ते सुई ओवत राहिले. मग म्हणाले, "बाई, मला एकट्याला विचारलं असतं तर बरं झालं असतं." एवढंच. खात्यानं त्यांना परत बोलावलं, किल्लीही पाठवली. ते आले नाहीत.

ठाणं बंद झालंय. मी आता गावातल्या खोलीत राहते. खाली एक जुनं गोदाम आहे, त्यात काचेच्या टाक्या मांडल्यात. सेहेचाळीस आणले होते, बारा उरलेत. आठ नर, चार माद्या. रोज औषधाचं पाणी बदलते. रोज सकाळी आधी लांबूनच बघते कोण हललं, मग जवळ जाते. वर तळ्यात आता काही नाही. तिन्ही तळ्यांत नाही. म्हणजे जगात जे आहेत ते माझ्या गोदामात आहेत.

या पेटीत त्या बारांचे नमुने आहेत. तुमच्या मॅडमशी मी फोनवर बोलले. तपासणी दुसऱ्या कुणाकडे द्या असं मी त्यांना म्हणणार होते. त्या म्हणाल्या, तो करील, पण प्रत्येक निकालावर माझी सही असेल. मी हो म्हटलं. केशरपोट्याची कातडी तुझ्याइतकी कुणी हाताळलेली नाही, हेही खरं आहे.

तुला दोन गोष्टी करायच्या आहेत. मामांकडे स्वतः जायचं. पत्र नाही, निरोप नाही, स्वतः. आणि या नमुन्यांत जे निघेल ते तसंच लिहायचं. मला काय वाटेल याचा विचार तू करायचा नाहीस. मरणार असले तर मरणार लिही.

आत्या

१३ ऑक्टोबर

ती. आत्या,

नमस्कार.

रविवारी मामांकडे गेलो. नदीवर होते, तिथे गेलो. ओळखलं. गळ पाण्यातच होता, त्यांनी तो काढला नाही आणि मला बसायलाही सांगितलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, बुटांपासून. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, मी तुला चिखलातून काढलं तेव्हा तुला ते ठाऊक होतं का? मी म्हटलं, तेव्हा नव्हतं, मार्चमध्ये कळलं. ते म्हणाले, "मार्चमध्येच सांगायचं होतंस. बादली घेऊन मी उभाच होतो." मग ते पाण्याकडे बघत बसले. मी अर्धा तास थांबलो आणि परत आलो. तुझी चौकशी त्यांनी केली नाही. केली असं लिहावंसं वाटलं होतं, म्हणून हे सांगतो.

नमुने गुरुवारी मिळाले. शुक्रवारी तपासले. सोमवारी मॅडमसमोर पुन्हा तपासले, तेच आलं.

बारांपैकी आठ स्वच्छ आहेत. चार बाधित आहेत, क्रमांक दोन, पाच, नऊ आणि दहा. तुझ्या यादीप्रमाणे दोन हा नर आहे. पाच, नऊ आणि दहा या माद्या आहेत. पाच आणि नऊ यांच्या कातडीवर बुरशी इतकी वाढलीये, की औषधानं त्या जगतील असं मला वाटत नाही. दहा जगेल की नाही, सांगता येत नाही. चौघांना पत्र मिळताच वेगळं कर, त्यांचं पाणी आणि जाळी वेगळी ठेव, आणि त्यांच्याकडे शेवटी जा.

म्हणजे निरोगी मादी एकच उरते, क्रमांक चार.

आकड्यांचा कागद सोबत आहे. त्यावर दोघांच्याही सह्या आहेत.

घुम्या